आशियात दुसऱ्या आलेल्या पोरी

आपल्या कॉलेजात फुटबॉलवेड्या मंडळींची काही कमी नाही. रियल माद्रिदची टीम झोपेतसुद्धा पाठ म्हणून दाखवतील, आणि मँचेस्टर युनायटेडचं नेमकं काय बिनसलंय यावर मेसमध्ये आमटी गार होईपर्यंत बोलतील. अशा सात-आठ एक्सपर्ट लोकांना मी या लेखाच्या निमित्ताने एकच प्रश्न विचारला. आशियातल्या मुख्य फुटबॉल स्पर्धेत भारत शेवटचा कधी दुसरा आला? बाकीचे विचारात पडले, पण क्विझ क्लबवाल्याने लगेच सांगितलं, "१९६४!" माहिती बरोबर आहे. १९६४ साली इस्रायलमध्ये झालेल्या आशिया कपमध्ये भारत दुसरा होता. पण मी 'पुरुषांचा संघ' असं कुठे म्हटलं होतं? माझ्या प्रश्नाचं उत्तर १९८३ आहे. ठिकाण बँकॉक, आणि संघ भारतीय महिलांचा.

यावर जी शांतता पसरली तिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागात लिहायचं म्हटल्यावर रूममेट हसली. असो. घरात मराठीच बोलतो आम्ही, आणि फुटबॉल समजून घ्यायला अलंकार लागत नाहीत.

आधी एक गैरसमज दूर करू. मेसच्या मावशींनी मला विचारलं होतं, "पोरींचं ग्राउंड बारकं असतं का गं?" नाही. ग्राउंड तेच, गोलपोस्ट तेच, बॉल तोच पाच नंबरचा, वेळ तीच ९० मिनिटं. १९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा मात्र मॅच ८० मिनिटांची ठेवली होती. बहुतेक बायका दमतील अशी कुणाला तरी काळजी वाटली असावी. पुढच्या वर्ल्ड कपपासून ९० झाली, आणि कुणी दमून पडल्याचं ऐकिवात नाही.

खरं तर बायकांचा फुटबॉल मागे राहिला याचं कारण दमणं नव्हतंच. इंग्लंडमध्ये प्रेस्टन नावाच्या गावात डिक, केर अँड कंपनी नावाची फॅक्टरी होती. ट्राम आणि रेल्वेचं सामान बनवायची, पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा बनू लागला. पुरुष लढाईवर गेल्यामुळे कामाला बायका. त्या जेवणाच्या सुट्टीत फॅक्टरीच्या आवारात बॉल खेळायच्या. त्यातून १९१७ मध्ये टीम उभी राहिली, आणि २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच बघायला ५३,००० लोक आले. चाकणच्या एखाद्या कंपनीतल्या असेंब्ली लाइनवरच्या ताया शिफ्ट संपल्यावर खेळतायत आणि त्यांना बघायला अख्खं स्टेडियम भरलंय, असं डोळ्यासमोर आणा. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि क्लबांनी त्यांना ग्राउंड देऊ नये. ग्राउंड देऊ नये, एवढंच. खेळावर बंदी घालायची गरजच पडली नाही. हा ठराव जवळजवळ ५० वर्षं टिकला.

आता आपल्याकडे येऊ. भारतात महिला फुटबॉलची वेगळी संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली, विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया. पुरुषांचा फुटबॉल चालवणारं ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन वेगळं, हे वेगळं. आशिया पातळीवरसुद्धा तेव्हा महिलांचा स्वतंत्र महासंघ होता आणि आशियाई स्पर्धा तोच भरवायचा. म्हणजे ज्यांच्याकडे पैसा आणि ग्राउंड होती त्यांच्या घराबाहेर हा संसार मांडला होता. तरी जानेवारी १९८० मध्ये आशियाई स्पर्धा आपल्या देशात, केरळमधल्या कालिकतला झाली. भारताने यजमान म्हणून चक्क दोन संघ उतरवले. त्यातला एक फायनलला पोचला आणि तैवानकडून ०-२ हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा फायनल, समोर थायलंड, पुन्हा उपविजेतेपद. लागोपाठ तीन स्पर्धांमध्ये दुसरा, तिसरा, दुसरा! आपल्या पुरुष संघाला असं कधी जमलेलं नाही.

त्या काळच्या संघात बंगालच्या मुली जास्त होत्या. शांती मलिक ही त्यातली सर्वांत गाजलेली. १९८३ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलमधला पहिलाच. आपल्या शेजारच्या गोव्याची योलांडा डिसूझा त्याच पिढीतली. अर्जुन पुरस्कार मिळवणारी दुसरी महिला फुटबॉलपटू कोण, तर मणिपूरची बेंबेम देवी, आणि तिचं वर्ष २०१७. मध्ये ३४ वर्षं गेली. या ३४ वर्षांत काय झालं, हाच खरा विषय आहे.

इथे जरा प्रामाणिक राहायला हवं. १९८० किंवा ८३ ला आशियात महिला फुटबॉल खेळणारे देश मोजकेच होते. चीन या स्पर्धेत पहिल्यांदा आला १९८६ मध्ये. आला आणि पहिल्याच फटक्यात जिंकला. मग १९९९ पर्यंत लागोपाठ सात वेळा जिंकला. उत्तर कोरियाही पुढे आला, जपान तर २०११ मध्ये वर्ल्ड कप घेऊन गेला. म्हणजे आपण दुसरे होतो तेव्हा वर्गात मुलंच कमी होती, असं म्हणणारा म्हणू शकतो. मला हे पूर्ण पटत नाही. वर्गात मुलं कमी होती तेव्हा जे पहिल्या बाकावर बसले होते, त्यांना पुढे राहायची संधी सर्वांत जास्त होती. चीनने त्याच वर्षांत मुलींच्या फुटबॉलमध्ये सरकारी ताकद लावली. आपला संघ १९८६ च्या स्पर्धेला गेलाच नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिलांची संघटना ऑल इंडिया फेडरेशनमध्ये विलीन झाली. कागदावर हे चांगलंच होतं, पण मोठ्या घरात आलेल्या धाकट्या सुनेसारखी महिला फुटबॉलची गत झाली. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरेल ते.

त्याचा निकाल ११ डिसेंबर १९९८ ला बँकॉकमध्ये लागला. आशियाई खेळ, चीन १६, भारत ०. भारतीय महिला संघाचा हा सर्वांत मोठा पराभव. ज्या शहरात १५ वर्षांपूर्वी आपण आशियाची फायनल खेळलो, तेच शहर. २००३ च्या आशियाई स्पर्धेत पुन्हा चीन, ०-१२. त्यानंतर या स्पर्धेत भारताचं नाव दिसायला २०२२ उजाडलं.

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा सोपं आहे, आणि यात बॅकलॉग लागत नाही.

फिफा महिला संघांचं रँकिंग २००३ पासून काढते. बुद्धिबळातल्या इलो रेटिंगसारखीच ही पद्धत. प्रत्येक संघाचे पॉइंट असतात. मॅचच्या आधी दोन संघांच्या पॉइंटमधला फरक घेऊन 'अपेक्षित निकाल' काढतात, ० ते १ मध्ये. दोघे सारखे असतील तर अपेक्षा ०.५. एक संघ ४०० पॉइंटने वर असेल तर त्याची अपेक्षा साधारण ०.९१ आणि खालच्याची ०.०९. घरच्या ग्राउंडवर खेळणाऱ्याला हिशोबापुरते १०० पॉइंट जास्त धरतात, म्हणजे दोन सारख्या संघांत घरच्याची अपेक्षा ०.६४ होते. मग प्रत्यक्ष निकाल. यात गंमत अशी की नुसतं जिंकलं-हरलं बघत नाहीत, गोलचा फरकही बघतात. ०-१ ने हरलेल्या संघालाही ०.१५ मिळतात. सहा किंवा जास्त गोलने हरलात तर ०.०१. प्रत्यक्षातून अपेक्षित वजा करायचं आणि मॅचच्या महत्त्वाने गुणायचं. साध्या मैत्रीपूर्ण मॅचला १५ ने, वर्ल्ड कपच्या मॅचला त्याच्या चौपट, म्हणजे ६० ने.

आता दोन उदाहरणं करून बघा. पहिलं, तुम्ही ४०० पॉइंट वरच्या संघाशी मैत्रीपूर्ण मॅच खेळलात आणि ०-१ हरलात. ०.१५ वजा ०.०९, म्हणजे ०.०६, गुणिले १५. तुम्ही हरूनसुद्धा जवळजवळ एक पॉइंट कमावला! दुसरं, ४०० पॉइंट खालच्या संघाला तुम्ही धो धो गोल मारून हरवलंत. मिळणार ०.९९, अपेक्षा ०.९१. फरक ०.०८, गुणिले १५, म्हणजे १.२. दहा-पंधरा गोल मारून एवढंच. तिसरं उदाहरण करायचीही गरज नाही: मॅचच खेळली नाही तर कमाई शून्य. बराच काळ खेळलाच नाहीत तर यादीतून नाव जातं. भारताचं तसं झालं. २००७ नंतर संघ मैदानात उतरलाच नाही, आणि २००९ मध्ये फिफाच्या क्रमवारीत भारतीय महिला संघ सापडेना. हरून खाली गेला असता तर एक वेळ समजलं असतं. हा न खेळून गेला.

हे लक्षात ठेवून पुढचं दशक बघा, म्हणजे नीट कळेल. २०१० मध्ये दक्षिण आशियातल्या देशांची महिलांची सॅफ स्पर्धा सुरू झाली. पहिली कॉक्स बाजारला. तिथे १३ डिसेंबरला भारताने भूतानला १८-० ने हरवलं, हा आपला सर्वांत मोठा विजय. फायनलला नेपाळ, १-०. मग २०१२ कोलंबो, २०१४ इस्लामाबाद, २०१६ ची सिलिगुडीत आणि २०१९ ची नेपाळमध्ये विराटनगरला. पाचही वेळा भारतच जिंकला, एकही मॅच न हरता. चार फायनल नेपाळशी आणि सिलिगुडीची बांगलादेशशी. शिवाय दक्षिण आशियाई खेळांत २०१०, २०१६ आणि २०१९ ची सुवर्णपदकं. ऐकायला भारी वाटतं, आणि आहेच. डिसेंबर २०१३ मध्ये क्रमवारीत ४९ वा नंबर आला, आजवरचा सर्वांत वरचा.

पण वरचं दुसरं उदाहरण आठवा. आपल्यापेक्षा कच्च्या संघांना मोठ्या फरकाने हरवून फार काही हाती लागत नाही, पॉइंटमध्येही नाही आणि खेळातही नाही. २०१४ चे इंचॉनचे आशियाई खेळ घ्या. पहिली मॅच मालदीवशी, १५-०. पुढची दोन? दक्षिण कोरिया ०-१०, थायलंड ०-१०. एकाच संघाचे, एकाच स्पर्धेतले, काही दिवसांच्या अंतराने आलेले हे आकडे आहेत. मधली पायरीच नव्हती. आपल्या मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग एकदम नो-लोडवर किंवा एकदम ओव्हरलोडवर, रेटेड लोडवर मशीन कधी चालवलीच नाही.

रेटेड लोड म्हणजे आपल्याएवढ्या किंवा थोड्या वरच्या संघांशी सतत मॅच. ते थोडंफार सुरू झालं २०१८-१९ मध्ये, मेमोल रॉकी कोच असताना. ती गोव्याची, स्वतः भारताकडून खेळलेली. एप्रिल २०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रतेसाठी म्यानमारमधल्या मंडालेला इंडोनेशियाला २-० आणि नेपाळला ३-१ ने हरवलं. शेवटची मॅच यजमान म्यानमारशी, जिंकणं भाग होतं, ३-३ झाली. तिथेच संपलं. तरी ३-३ हा आकडा मला १५-० पेक्षा जास्त आवडतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलला जाऊन भारत १-६ ने हरला, पण तो एक गोल मनीषा कल्याणचा होता, आठव्या मिनिटाला, ब्राझीलच्या घरात. ती पुढच्या वर्षी सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, असं करणारी पहिली भारतीय. तिच्या आधी २०१५ मध्ये गोलकीपर अदिती चौहान इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमकडून खेळली होती, आणि २०२० मध्ये बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे व्यावसायिक करार करून गेली. चॅम्पियन्स लीगच्या रात्री जागणाऱ्या किती जणांना मनीषाचं नाव माहीत आहे, हा सर्व्हे मी मुद्दाम केला नाही.

आता आपल्या दारातली गोष्ट. २०२२ ची महिला आशियाई स्पर्धा भारतात झाली, आणि सगळीच्या सगळी महाराष्ट्रात. मुंबईचं अंधेरी, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम आणि तिसरं बालेवाडी. हो, तेच. आपल्या मुकाई चौकातून हायवेला लागायचं, पुनावळे, ताथवडे, वाकड मागे टाकलं की मुळा ओलांडल्यावर श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. जेमतेम दहा-बारा किलोमीटर. १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं. या ग्राउंडवर जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये जपान आणि दक्षिण कोरिया १-१ खेळले. इथेच उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १-० ने घरी पाठवलं, जी सो-युनचा ८७ व्या मिनिटाचा गोल. इथेच फिलिपिन्सने चायनीज तैपेईला पेनल्टीवर हरवून आयुष्यात पहिल्यांदा वर्ल्ड कपचं तिकीट काढलं. ३ फेब्रुवारीला दोन्ही सेमीफायनल इथेच. चीन-जपान मॅचमध्ये जपान जादा वेळेत २-१ ने पुढे, ११९ व्या मिनिटाला चीनच्या वांग शानशानने बरोबरी केली आणि पेनल्टीवर चीन गेला फायनलला. डी. वाय. पाटीलवरच्या फायनलमध्येही कोरिया मध्यंतराला २-० ने पुढे, आणि शेवटी चीन ३-२. अशी स्पर्धा रावेतच्या शेजारी झाली आणि प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता, कारण कोविड. मी तेव्हा अकरावीला, गावाकडे, ऑनलाइन क्लासचा कॅमेरा बंद करून मोबाइलवर बघत होते.

आणि भारत? यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला होता. गटात चीन, चायनीज तैपेई आणि इराण. पहिल्या पाचात आलं की २०२३ च्या वर्ल्ड कपला थेट जागा, त्यामुळे हे वर्ष सोन्यासारखं होतं. २० जानेवारीला इराणशी मॅच, ०-०. संधी बऱ्याच आल्या, गोल झाला नाही. मग २३ जानेवारीला तैपेईशी मॅच. त्या दिवशी संघातल्या बारा जणींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नियम असा होता की गोलकीपरसह किमान १३ खेळाडू हजर हवेत. भारताकडे १३ भरेनात. मॅच झाली नाही. नियमाप्रमाणे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं, आणि इराणशी खेळलेली ती ०-० सुद्धा हिशोबातून काढून टाकली. १९ वर्षं वाट बघून मिळालेली स्पर्धा, स्वतःच्या देशात, आणि रेकॉर्डमध्ये खेळलेल्या मॅच शून्य. हरण्याचं दुःख वेगळं असतं. हे त्यातलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कपही भारतात झाला. भारताच्या तिन्ही मॅच भुवनेश्वरला: अमेरिका ०-८, मोरोक्को ०-३, ब्राझील ०-५. त्या संघात पुण्याची काजोल ह्युबर्ट डिसूझा होती. निकाल बघून नाक मुरडणारे खूप होते. पण मोरोक्कोचा ०-३ आणि अमेरिकेचा ०-८ यांत फरक करायला शिकावं, गणित वर दिलंच आहे.

आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, काठमांडूला, सॅफमधली मक्तेदारीही संपली. गटात बांगलादेशने भारताला ३-० ने हरवलं. या स्पर्धेतला भारताचा पहिलाच पराभव. सेमीफायनलला नेपाळने १-० ने बाहेर काढलं. बांगलादेश विजेता. २०२४ मध्ये पुन्हा काठमांडू, पुन्हा सेमीफायनलला नेपाळ, या वेळी पेनल्टीवर, आणि पुन्हा बांगलादेश विजेता.

बांगलादेशचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांच्याकडे आपल्याहून पैसा जास्त आहे असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी २०११ पासून प्राथमिक शाळेतल्या मुलींची देशभर स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. मैमनसिंह जिल्ह्यात कलसिंदूर नावाचं खेडं आहे, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेतून एकामागून एक मुली राष्ट्रीय संघात आल्या. निवडलेल्या मुलींना ढाक्याला वर्षभराच्या निवासी कॅम्पमध्ये ठेवलं. म्हणजे हॉस्टेलच! एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, रोज प्रॅक्टिस. दहा वर्षांनी त्याच मुलींनी आपल्याला हरवलं.

आपल्याकडेही अशी गावं नाहीत असं नाही. हरियाणात भिवानी जिल्ह्यातलं अलखपुरा आहे, मणिपूरमध्ये तर गल्लोगल्ली क्लब आहेत, आणि म्हणूनच महिलांची राष्ट्रीय स्पर्धा मणिपूरने विसाहून जास्त वेळा जिंकली आहे. महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड म्हटलं की कोल्हापूर. पेठापेठांच्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, आणि बाजूला गडहिंग्लज. त्या गडहिंग्लज तालुक्यातली अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळली, कोचिंगचं 'ए' लायसन्स मिळवलं आणि ऑल इंडिया फेडरेशनमध्ये लहान मुलांच्या फुटबॉलची प्रमुख झाली. २०१६-१७ मध्ये इंडियन विमेन्स लीग सुरू झाली तेव्हा पुण्याचा एफसी पुणे सिटी त्यात होता, नंतर एफसी कोल्हापूर सिटीचा संघही खेळला. पण अलखपुऱ्यासारखं, मुलींनी खेळायचंच असतं असं मानणारं गाव अजून आपल्याकडे व्हायचंय. आमच्या शाळेत पी.टी.च्या तासाला फुटबॉल मुलांना आणि थ्रोबॉल मुलींना, अशी वाटणी होती. कुणी ठरवली होती कोण जाणे. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, आधीपासून असंच आहे.

जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चिआंग माईला आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी झाली. भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० ने हरवलं. पण गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि शेवटची मॅच यजमान थायलंडशी. क्रमवारीत थायलंड तेव्हा ४६ वा, भारत ७० वा. ५ जुलैची ती रात्र. संगीता बासफोरने पहिल्या हाफमध्ये गोल केला, मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी केली, आणि ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीता. २-१. १९८३ ला ज्यांच्याकडून फायनल हरलो, २०१४ ला ज्यांच्याकडून दहा गोल खाल्ले, त्यांना त्यांच्याच घरात. पात्रता फेरी जिंकून भारत या स्पर्धेत पहिल्यांदाच पोचला, मार्च २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत, गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. बांगलादेशही त्याच पात्रता फेरीतून त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा तिथे पोचला. पात्रता फेरीच्या वेळी कोच होते क्रिस्पिन छेत्री. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या क्विझला मीच विचारणार आहे.

आता जरा आपल्या ग्राउंडबद्दल, कारण रेक्टर मॅडम आणि स्पोर्ट्सचे सर दोघेही हे मासिक वाचतात. मुलींच्या हॉस्टेलमध्ये सध्या आम्ही नऊ जणी खेळतो. गेल्या वर्षी इंटरकॉलेजला आपल्या कॉलेजची मुलींची एंट्री गेली नाही, कारण अकरा भरल्या नाहीत. बालेवाडीवाल्या स्पर्धेतल्या नियमाने बघायचं तर तेरा हव्यात. अकरा का भरत नाहीत? ग्राउंड संध्याकाळी पाच ते साडेसहा क्रिकेटवाल्यांकडे असतं, आणि सातला आमची अटेंडन्स. मध्ये उरतो अर्धा तास, त्यात लाइट नाही. कुणी मुद्दाम केलंय असं अजिबात नाही. आधीपासून असंच आहे.

आम्ही ग्राउंडचा पूर्ण हक्क मागत नाही. मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते सहा, फक्त नदीच्या बाजूचा अर्धा भाग. क्रिकेटच्या कॅप्टनशी बोलणं झालंय, तो म्हणाला नेट्स त्या दिवशी दुसऱ्या टोकाला लावता येतील. अर्जावर नऊ सह्या आहेत, दहावी लायब्ररीतल्या मॅडमनी केली. त्या कॉलेजात असताना हॉकी खेळायच्या हे आम्हाला तेव्हाच कळलं. प्रॅक्टिस मॅचसाठी आकुर्डीच्या एका कॉलेजच्या मुलींशी बोलून ठेवलंय. त्या आपल्यापेक्षा बऱ्याच चांगल्या खेळतात. ०-१ ने हरलो तरी चालेल, हिशोब वर आहे.

फर्स्ट इयरच्या मुलींनी यावं. आधी खेळलेलं असायलाच हवं असं नाही, नऊपैकी पाच जणींनी इथे आल्यावरच पहिल्यांदा बॉलला पाय लावला. स्टड नसले तर साधे स्पोर्ट्स शूज चालतील, चप्पल नको. सगळ्यांत जास्त गरज गोलकीपरची आहे. ग्लोव्हज आहेत, जरा मोठे होतात. रूम नंबर २१४, रात्री नऊनंतर कुणीतरी असतंच.